इंजिन बंद पडलं तर?

१२ जून २०२५ नंतरचे दोन-तीन महिने आठवा. अहमदाबादला एअर इंडियाचं बोइंग ७८७ उड्डाणानंतर अर्ध्या मिनिटात कोसळलं, विमानातले आणि जमिनीवरचे मिळून २६० जण गेले, आणि घराघरात एकच प्रश्न सुरू झाला. आमच्या वाईत तर गणपती घाटावर संध्याकाळी बसणाऱ्या आजोबा मंडळींपासून ते मुलाला पहिल्यांदाच एमएससाठी जर्मनीला पाठवणाऱ्या काकूंपर्यंत सगळे विचारत होते, "तू इंजिनिअरिंगला आहेस ना? मग सांग, वर इंजिन बंद पडलं तर?" मेकॅनिकलच्या पोराला घरातला मिक्सरही दुरुस्त करता यावा अशी अपेक्षा असतेच, त्यात हे जेट इंजिन! पण प्रश्न खोटा नाही. लोक आपलं माणूस त्या नळकांड्याच्या भरवशावर समुद्रापार पाठवतात. तेव्हा "काही होत नाही हो" असं म्हणून सुटण्यापेक्षा आकडे मांडलेले बरे.

पहिली गोष्ट म्हणजे 'इंजिन बंद पडणं' हे मोजायचं कसं? विमान कंपन्या आणि इंजिन बनवणारे यासाठी एक माप वापरतात: हवेत असताना इंजिन बंद होण्याचं प्रमाण, दर हजार इंजिन-तासांमागे. इंजिन स्वतःहून बंद पडलं किंवा काही बिघाड दिसला म्हणून पायलटने बंद केलं, दोन्ही यात धरतात. समुद्रावरून लांब जाणाऱ्या दोन इंजिनांच्या विमानांसाठी हे प्रमाण किती असावं याच्या मर्यादा ठरलेल्या आहेत. विमानतळापासून दोन तासांपर्यंत लांब जायचं असेल तर हजार तासांना ०.०५, तीन तासांपर्यंत ०.०२ आणि त्याच्याही पुढे ०.०१. हा शेवटचा आकडा उलटा करून बघा. एक लाख तासांत एकदा! एक इंजिन रात्रंदिवस न थांबता चालवलं तर साडेअकरा वर्षांनी एक लाख तास भरतात. आणि ही झाली मर्यादा. नावाजलेली इंजिनं याच्याही कितीतरी पट चांगली चालतात.

आता पायलटच्या बाजूने हिशोब करा. वर्षाला ९०० तास उड्डाण, दोन इंजिनं, म्हणजे १८०० इंजिन-तास. तीस वर्षं नोकरी केली तर ५४ हजार. लाखाला एक हे प्रमाण धरलं तरी जवळजवळ निम्म्याहून जास्त पायलट रिटायर होतील पण खरं बंद पडलेलं इंजिन त्यांनी फक्त सिम्युलेटरमध्येच पाहिलेलं असेल. तिथे मात्र त्यांना दर सहा महिन्यांनी ते बंद पाडून दाखवतात. आपल्याकडे नेमकं उलटं असतं. व्हायवात जे विचारतात ते प्रॅक्टिकलला कधी दिसलेलं नसतं. असो.

"हे सगळं परदेशातलं, आपल्याकडचं सांग," असं म्हणणारे भेटतातच. तर माहिती अधिकारात विचारलेल्या प्रश्नाला डीजीसीएने दिलेल्या उत्तरानुसार २०२० पासून २०२५ च्या मध्यापर्यंत भारतात हवेत इंजिन बंद होण्याच्या ६५ घटना झाल्या. पेपरात हा आकडा मोठ्या टायपात आला आणि लोक घाबरले. महिन्याला एक! पण आपण भागाकार करायला शिकलोय ना? समजा देशात सरासरी ६०० विमानं, प्रत्येकाला दोन इंजिनं, रोज नऊ तास उड्डाण. वर्षाचे झाले सुमारे ३९ लाख इंजिन-तास. घटना वर्षाला सुमारे १२. म्हणजे सव्वातीन लाख तासांत एक. करोनाच्या काळात विमानं जमिनीवरच होती म्हणून तास निम्मे धरले, तरी दीड लाखाच्या पुढेच. आकडे मी ढोबळ घेतलेत, पण उत्तर कुठल्या घरात येतं ते यावरून कळतं. आणि त्या ६५ मधलं प्रत्येक विमान उरलेल्या इंजिनावर सुखरूप उतरलं.

हे प्रमाण बघून खरं तर आश्चर्य वाटायला हवं, कारण आत जे चाललेलं असतं ते भयानक आहे. आमच्या वाईत ज्याचं काम चालतं त्या मराठी विश्वकोशाने 'जेट'साठी 'झोत' हा झकास शब्द वापरलाय. समोरून हवा ओढायची, दाबायची, त्यात इंधन जाळायचं आणि मागे झोत सोडायचा. वाचायला सोपं. पण ३२० आणि ७३७ जातीच्या विमानांवर वर्षानुवर्षं चालणारं सीएफएम-५६ घ्या. त्याचा उच्च दाबाच्या भागाचा शाफ्ट पूर्ण वेगात मिनिटाला साडेचौदा हजारांच्या आसपास फेरे घेतो. आपल्या वर्कशॉपमधला लेथ हजाराच्या पुढे नेला की सर ओरडतात! टर्बाइनमध्ये शिरणाऱ्या वायूचं तापमान ज्या निकेल मिश्रधातूची पाती केलेली असतात त्याच्या वितळबिंदूपेक्षाही जास्त असतं. मग पातं वितळत का नाही? ते आतून पोकळ असतं, त्यातून कॉम्प्रेसरची हवा खेळवतात, बारीक भोकांतून ती बाहेर येऊन पात्यावर गार हवेची चादर पांघरते, वर सिरॅमिकचा लेप, आणि धातूचं अख्खं पातं एकाच स्फटिकाचं, म्हणजे ज्या कणसीमांवरून धातू उष्णतेत ताणला जातो त्या सीमाच नाहीत. मटेरियल सायन्समधला 'क्रीप' हा टॉपिक आपण ऑप्शनला टाकतो, त्यावर इथे लोकांचे जीव अवलंबून आहेत.

ही इंजिनं विमानाला एकदा बसवली की पहिल्या मोठ्या दुरुस्तीआधी वीस-वीस हजार तास पंखाखालून उतरत नाहीत. ताशी ६० किलोमीटरने चालणाऱ्या गाडीच्या भाषेत हे झाले बारा लाख किलोमीटर, बॉनेट न उघडता. (न उघडता म्हणजे अगदी तसं नाही. बोरोस्कोप नावाची दुर्बीण भोकातून आत घालून पाती तपासत असतात. डॉक्टर एंडोस्कोपी करतात तसं.)

पण सगळं पहिल्यापासून असं नव्हतं. त्यासाठी मुंबईची एक जुनी गोष्ट सांगायला हवी. आपल्यातल्या बहुतेकांनी ती ऐकलेली नसते, कारण तेव्हा आपले आई-बाबासुद्धा शाळेत होते.

१२ ऑक्टोबर १९७६. इंडियन एअरलाइन्सचं मुंबई-मद्रास विमान. फेरीला नेमलेल्या बोइंग ७३७ च्या इंजिनात बिघाड निघाला म्हणून ऐनवेळी दुसरं विमान दिलं, फ्रेंच बनावटीचं कॅराव्हेल. त्याची दोन्ही इंजिनं, रोल्स रॉइस एव्हॉन, पंखांखाली नसून मागे शेपटीजवळ दोन बाजूंना असतात. मध्यरात्रीनंतर सांताक्रूझहून विमान उठलं आणि लगेच दोन नंबरचं इंजिन फुटलं. पायलटांनी विमान परत धावपट्टीकडे वळवलं. एक इंजिन चालू होतं, विमानतळ समोर होता. नुसतं इंजिन बंद पडलं असतं तर उतरलंही असतं. पण आग लागली होती. ती मागच्या भागात पसरत गेली, हायड्रॉलिकचं तेल संपत गेलं आणि धावपट्टी काही शे मीटरवर असताना विमान पायलटांच्या ताब्यातून सुटलं. विमानातले ९५ च्या ९५ जण गेले.

चौकशीत निघालं की कॉम्प्रेसरच्या दहाव्या टप्प्याच्या डिस्कमध्ये फटिगची चीर होती. डिस्क म्हणजे ज्या चकतीच्या कडेला पाती बसवतात ती. प्रत्येक उड्डाणाला इंजिन थंडचं गरम होतं, पूर्ण वेग घेतं, मग पुन्हा थांबतं. डिस्कवर एकदा ताण येतो आणि एकदा उतरतो. पेपरक्लिप वाकवून सरळ करत राहिलो की कधीतरी तुटते, तसंच. चीर केसाएवढी असते तोवर काहीच जाणवत नाही. एका मर्यादेपुढे गेली की मात्र पुढच्या क्षणी डिस्कचे तुकडे. त्या रात्री तुकड्यांनी इंजिनाचं कवच फोडलं, इंधनाची नळी तोडली, आणि पुढचं सगळं त्यातून झालं.

इथे एक फरक नीट समजून घ्या, कारण विमानाच्या इंजिनाबद्दल बोलताना निम्मे लोक इथेच घोटाळा करतात. पातं तुटणं वेगळं आणि डिस्क फुटणं वेगळं. पातं तुटलं तर कवचाने ते आतच अडवलं पाहिजे, असा नियम आहे आणि तशी चाचणी होते. पूर्ण वेगात फिरणाऱ्या नव्या कोऱ्या इंजिनातलं एक फॅनचं पातं मुद्दाम स्फोटाने तोडतात आणि कवच टिकतं का बघतात. कोट्यवधींचं इंजिन एका क्षणात भंगार! पण डिस्कच्या तुकड्यात ऊर्जा इतकी असते (वेगाचा वर्ग विसरू नका) की ती अडवेल असं कवच केलं तर विमान उडणारच नाही. म्हणून डिस्क फुटल्यावर काय करायचं यापेक्षा डिस्क फुटूच द्यायची नाही, हाच उपाय. प्रत्येक डिस्कला नंबर असतो, जन्मापासूनची वही असते, किती उड्डाणं झाली ते मोजलेलं असतं. ठरलेला आकडा भरला की वरून कितीही ठणठणीत दिसली तरी ती काढून टाकतात. मधल्या काळात शॉपमध्ये आली की फ्लुरोसंट पेनिट्रंट आणि एडी करंटने चिरा शोधतात. आपण मेटलर्जी लॅबमध्ये लाल डाय आणि पांढरी पावडर घेऊन जे प्रॅक्टिकल कंटाळत करतो आणि रीडिंग मागच्या बॅचच्या जर्नलमधून उतरवतो, त्याचाच मोठा भाऊ.

आता दोन इंजिनांकडे येऊ. पूर्वी लोकांना लांबच्या प्रवासाला चार इंजिनं हवीशी वाटायची. मुंबई-लंडन म्हटलं की ७०७ किंवा जम्बो. अमेरिकेत १९५३ पासून नियमच होता की दोन इंजिनांच्या विमानाने विमानतळापासून एक तासापेक्षा लांब जायचं नाही. तो पिस्टन इंजिनांच्या अनुभवावरून केलेला होता. जेट इंजिनांनी भरवसा मिळवल्यावर १९८५ साली तो दोन तासांवर नेला आणि फेब्रुवारीत टीडब्ल्यूएचं ७६७ बोस्टनहून पॅरिसला गेलं. पुढे तीन तास झाले, मग आणखी. या नियमाचं नाव एटॉप्स. त्याने चार इंजिनांचा जमानाच संपवला. एअर इंडियाचं जम्बोही २०२४ साली मुंबईहून कायमचं उडून गेलं.

हा धीर कुठून आला? आपल्या एम-३ मधल्या गुणाकारातून. एक इंजिन तासाला लाखात एक वेळा बंद पडतं. ते पडल्यावर उरलेल्या इंजिनावर तीन तास काढायचे, म्हणजे लाखात तीन. दोघांपैकी कुठलंही पहिलं असू शकतं म्हणून दुप्पट. गुणाकार करा, उत्तर येतं साधारण १६६ कोटी तासांत एकदा. परीक्षेत इथे पेन खाली ठेवून पूर्ण मार्क मिळतील. पण खऱ्या इंजिनिअरला मार्क मिळतात ते पुढच्या ओळीचे. हा गुणाकार तेव्हाच बरोबर, जेव्हा दोन्ही घटना एकमेकींपासून स्वतंत्र असतात!

आणि मोठ्या गोष्टी बहुतेक तिथेच घडल्यात. जून १९८२ मध्ये ब्रिटिश एअरवेजचं जम्बो जाव्याजवळ ज्वालामुखीच्या राखेत शिरलं आणि चारही इंजिनं बंद पडली. राख काय, एकाच इंजिनात थोडीच शिरणार? (खाली आल्यावर ती पुन्हा सुरू झाली.) जानेवारी २००९ मध्ये न्यूयॉर्कला हंसांच्या थव्याने दोन्ही इंजिनं निकामी केली आणि विमान हडसन नदीत उतरवावं लागलं. मला सगळ्यात शिकण्यासारखी वाटते ती मे १९८३ ची मायामीची. तीन इंजिनांचं ट्रायस्टार. तेलातले धातूचे कण पकडणारी चुंबकं रात्री बदलली, तिन्ही इंजिनांची, आणि तिन्ही ठिकाणी रबरी ओ-रिंग घालायच्या राहिल्या. समुद्रावर गेल्यावर तेल गळून एकामागून एक तिन्ही इंजिनं बंद. नशिबाने आधी बंद केलेलं एक पुन्हा सुरू झालं आणि विमान परतलं. रुपया-दोन रुपयांची रिंग हो! तेव्हापासून दोन इंजिनांच्या लांब पल्ल्याच्या विमानांसाठी दंडक आहे की एकाच माणसाने एकाच वेळी दोन्ही इंजिनांवर तेच काम करायचं नाही. इंजिनं स्वतंत्र असून भागत नाही, त्यांना हात लावणारे हातही स्वतंत्र हवेत.

कॉकपिटमधलेसुद्धा. २१ जून २०१७ ला दिल्लीहून मुंबईला निघालेल्या गोएअरच्या ए-३२० च्या दोन नंबरच्या इंजिनात टेक-ऑफच्या वेळी पक्षी गेला. विमान थरथरू लागलं. पायलटांनी इंजिन बंद केलं, पण एक नंबरचं, चांगलं! काही मिनिटं ते विमान पक्षी खाल्लेल्या इंजिनावरच वर चढत राहिलं. चूक लक्षात आल्यावर एक नंबर पुन्हा सुरू केलं आणि विमान दिल्लीला सुखरूप उतरवलं. मार खाल्लेल्या इंजिनाने सगळ्यांना तारलं म्हणायला हरकत नाही.

अलीकडची मोठी भानगड म्हणजे निओची. २०१६ पासून इंडिगो आणि गोएअरने ए-३२० निओ घेतली, त्यांवर प्रॅट अँड व्हिटनीचं गिअरवालं नवं इंजिन होतं. पुढचा फॅन आणि मागची टर्बाइन यांच्यात गिअरबॉक्स घालून प्रत्येकाला आपापल्या सोयीच्या वेगाने फिरू द्यायचं, इंधन वाचवायचं. सगळ्यांना वाटत होतं की गिअरबॉक्सच दगा देणार. तो बिचारा नीट चालला, बाकीच्यांनी रडवलं. कधी सील, कधी टर्बाइनची पाती. मार्च २०१८ मध्ये डीजीसीएने दोन्ही कंपन्यांची मिळून ११ विमानं जमिनीवर बसवली. नोव्हेंबर २०१९ मध्ये इंडिगोला ९७ विमानांची इंजिनं मुदतीत बदला असा आदेश दिला. बाथटब कर्व्हची डावी बाजू आपण बोर्डावर काढतो ती हीच, नव्या यंत्राची बालपणीची दुखणी. फक्त इथे बाळ दीडशे-पावणेदोनशे माणसं घेऊन उडत होतं.

२०२३ साली तर गाडी पुन्हा डिस्कवर आली. धातूची भुकटी दाबून बनवलेल्या काही डिस्कच्या कच्च्या मालात अशुद्धी होती आणि त्यातून चिरा लवकर पडू शकतात, असं कंपनीनेच जाहीर केलं. जगभर शेकडो विमानं तपासणीसाठी उभी राहिली, त्यात आपल्या इंडिगोची सत्तरच्या आसपास. १९७६ साली चीर सांताक्रूझच्या आकाशात सापडली होती. या वेळी बहुतेकांची तपासणी जमिनीवरच झाली. त्याआधी मे २०२३ मध्ये गोएअरने, तेव्हा तिचं नाव गो फर्स्ट झालं होतं, दिवाळखोरीचा अर्ज केला. इंजिनं मिळत नाहीत म्हणून निम्मी विमानं बंद आहेत, असं कंपनीचं म्हणणं होतं. प्रॅटने ते साफ नाकारलं. जानेवारी २०२५ मध्ये कंपनी मोडीत काढायचा आदेश निघाला. या इंजिनांमुळे आपल्याकडे एकाही प्रवाशाचा जीव गेला नाही, पण मुंबईच्या त्या कंपनीतल्या हजारोंच्या नोकऱ्या गेल्या. विश्वासार्हता म्हटलं की आपण फक्त अपघात डोळ्यासमोर आणतो, हा भाग विसरतोच.

आता काकूंच्या मूळ प्रश्नाकडे. एक इंजिन बंद पडलं तर? टेक-ऑफच्या सगळ्यात वाईट क्षणी बंद पडलं तरी, चाकं वर घेतल्यावर दोन इंजिनांच्या विमानाला एका इंजिनावर किमान २.४ टक्के चढण चढता आलीच पाहिजे, नाहीतर त्या वजनाने उडायची परवानगी नाही. वाई ते पाचगणी बारा-तेरा किलोमीटरमध्ये रस्ता साडेपाचशे-सहाशे मीटर चढतो, म्हणजे चार-साडेचार टक्के. पसरणी घाटापेक्षा सौम्य चढ, पण चढच. आणि दोन्ही बंद पडली तर? विमान दगडासारखं पडत नाही, तरंगत खाली येतं. एक किलोमीटर उंची गमावताना पंधरा-सतरा किलोमीटर पुढे जातं. वाईवर अकरा किलोमीटर उंचीवर असताना दोन्ही गेली, तर सरळ रेषेत सुमारे १६५ किलोमीटरवरची मुंबई गाठणं शक्यतेच्या कोटीत आहे. पुणे तर निम्म्याहून जवळ. ऑगस्ट २००१ मध्ये अटलांटिकवर इंधन संपलेलं एअर ट्रान्सॅटचं विमान असंच सुमारे १२० किलोमीटर तरंगत जाऊन अझोर्स बेटांवर उतरलं, ३०६ जण वाचले.

यासाठी उंची लागते. अहमदाबादला तीच नव्हती. जुलै २०२५ च्या प्राथमिक अहवालानुसार उड्डाणानंतर काही सेकंदांत दोन्ही इंजिनांचे इंधनाचे स्विच एका सेकंदाच्या अंतराने बंद स्थितीत गेले. ते का गेले हे त्या अहवालात नाही. पण इंजिन आतून मोडलं असं त्यात म्हटलेलं नाही आणि इंजिनाच्या उत्पादकालाही त्यात काही सूचना नव्हती. जेवण तोडलं तर पैलवानही आडवा होतो.

बाकी रोजचं इंजिन बंद पडणं कसं असतं? १९ मे २०२२ ला सकाळी एअर इंडियाचं ए-३२० निओ मुंबईहून बंगळूरला निघालं. थोड्याच वेळात एका इंजिनाच्या एक्झॉस्ट वायूचं तापमान वाढल्याचा इशारा आला आणि ते इंजिन बंद झालं. विमान वळलं आणि उड्डाणानंतर २७ मिनिटांनी पुन्हा मुंबईला उतरलं. प्रवाशांना दुसऱ्या विमानात बसवलं आणि ते बंगळूरला गेले.